हराळीचं मैदान

गोल्फचं मैदान ज्या गवतावर उभं असतं, ते आमच्याकडचा शेतकरी शिव्या घालत उपटतो. हराळी. गणपतीला वाहताना तिला दूर्वा म्हणायचं आणि काळ्या रानात दिसली की उन्हाळाभर खणून तिच्या काशा वेचायच्या, बांधावर वाळवायच्या, पेटवायच्या. एक काशी राहिली तरी पहिल्या पावसाला पुन्हा हजर. गरम मुलखातल्या गोल्फच्या मैदानांवर हीच हराळी किंवा तिचे संकर लावलेले असतात. माझं आयुष्य जालन्यात बियाण्यांच्या धंद्यात गेलं. लॉनसाठी म्हणून कुणी बरमुडा गवताचं बी मागायला आलं की मला हसू यायचं. बापानं जे उपटलं, तेच पोरगा बंगल्यापुढे पैसे मोजून पेरणार!

या गवताच्या नादाने मी गोल्फचा इतिहास वाचू लागलो आणि फिरून फिरून जालन्याशीच येऊन पोचलो.

खेळ मूळचा स्कॉटलंडचा, समुद्रकाठच्या वाळवटीवरचा. तिथलं गवत मेंढरंच चरून आखूड ठेवायची. आतल्या भागात मोठी झाडं, हिरवळ आणि वळणावळणाच्या पट्ट्या असलेली बागेसारखी मैदानं आली ती बरीच नंतर. १८३० साली एडविन बडिंग या इंग्रजाने गवत कापायचं यंत्र काढलं, त्याचा त्यात मोठा वाटा. मेंढरांचं काम यंत्र करू लागलं तेव्हा समुद्रापासून लांबही मैदान राखता येऊ लागलं.

स्कॉटलंडची माणसं मात्र त्याच्याही आधी आपल्या जिल्ह्यात येऊन गेली होती. २३ सप्टेंबर १८०३ला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आसईला, इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. त्याच्या सैन्यात ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी होत्या. ७४वी तर शिंद्यांच्या तोफांपुढे निम्म्याहून अधिक कापली गेली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता. पुढे १८२७ साली जालन्याला छावणी वसली. १८६०च्या दशकात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री नारायण शेषाद्री इथे आले. ते जन्माने ब्राह्मण. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं.

म्हणजे स्कॉटलंडची पलटण आली, तिथलं चर्च आलं. छावणीचा मोकळा माळ होता, रिकामा वेळ असलेले गोरे अंमलदार होते. तरी गोल्फचा विषय निघाला की जालन्याचं नाव कुणी घेत नाही. असं का झालं?

या देशात गोल्फ फौजेच्या आणि व्यापाऱ्यांच्या मागोमाग पसरला. कलकत्त्याचा क्लब १८२९चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना. मुंबईचा १८४२चा. या मुंबईकर गोऱ्यांनी थेट स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबला एक पदक भेट दिलं आणि ते 'बॉम्बे मेडल' म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. पुण्यात येरवड्याचं मैदान १८७९चं. ते आजही चालू आहे. शहर भोवतीनं दाटलं, तरी मैदान राहिलं.

पाण्याविना अडत होतं असंही नाही. कोरड्या छावण्यांत हिरवळ राखणं परवडत नसे, तेव्हा खळग्याभोवती तेल मिसळलेल्या वाळूचं सपाट वर्तुळ करत. त्याला म्हणत 'ब्राउन'. खेळून झालं की ती वाळू पुन्हा सारखी करायची आणि पुढच्या गड्याला मोकळी करून द्यायची. असं वर्तुळ जालन्याच्या माळावरही जमलं असतं.

जमला नाही तो काळ. नोव्हेंबर १९०२मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजामाकडून वऱ्हाड सालीना पंचवीस लाख रुपयांवर कायमचं घेतलं आणि त्याच व्यवहारात हैदराबाद कंटिंजंट ही वेगळी फौज संपली. तिच्या पलटणी हिंदुस्थानी सैन्यात मिसळल्या. जालन्याची छावणी याच फौजेची, ती १९०३ला उठली. जगभर गोल्फची मैदानं भराभर वाढत होती ती नेमकी याच वर्षांत, रबरी गाभ्याचा नवा चेंडू आल्यावर. आमच्याकडे तेव्हा छावणी रिकामी होत होती. मैदानाला पिढ्यान्पिढ्या एकच धनी लागतो. पुण्याला तो मिळाला. आमच्याकडे फौज गेली आणि रेल्वे नुकतीच आलेली. इथून पुढे गावाची चाल कापसाच्या जिनांनी, बाजारपेठेनं ठरवली.

आणि पाणी? जालन्याचा जुना कारभारी जमशेदखान याने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी ते पाणी शहरातल्या हौदांत आणलं. निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव झाला. त्याचं पाणी उताराने आपोआप शहरात यायचं. दोन्ही कामं प्यायच्या पाण्यासाठी. २०१२-१३च्या दुष्काळात शहराला पंधरा-पंधरा दिवस नळ नव्हता, आणि खेड्यांत शेतकऱ्यांनी वाळलेल्या मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. त्या वैशाखात मी एका गिऱ्हाइकाच्या रानात उभा होतो. काळी जमीन अशी फाटली होती की भेगेत मनगट सहज जाई. गोल्फचा खळगा १०८ मिलिमीटरचा असतो, १८९१पासून ठरलेला. त्या रानात तसे खळगे पावलापावलाला होते. पण बांधाच्या सावलीला एवढीशी हराळी हिरवी होती.

आता समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. जमिनीचे भाव चढले की त्याच्या कडेला बंगल्यांच्या वसाहतीसोबत गोल्फचं मैदान आखायचं कुणाच्या तरी मनात येईलच. येऊ दे. माझा खेळाला विरोध नाही. अठरा खळग्यांना शंभर-दीडशे एकर लागतात, तेवढे घ्या. पण पाणी शहराच्या सांडपाण्याचं, शुद्ध करून वापरलेलं असावं. तलावातलं किंवा बोअरचं नको. आणि हिरवळीच्या बियाण्याचं अंदाजपत्रक कुणी माझ्याकडे मागितलं, तर मी सांगेन: जालन्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो हराळीच्या काशा फुकट देईल, वर गाडीत भरूनही देईल.