कमरेचा कोयता आणि डोंगरातला बिबट्या

कांजूरमार्ग स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून पवईची वाट धरली की थोड्याच वेळात इमारतींच्या मागून डोंगर डोकं वर काढतो. पूर्वेला उतरलं तर मिठागरं, खारफुटी आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. पश्चिमेच्या रानात बिबटे आहेत, पूर्वेच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती या दोन रानांच्या मधूनच. कांजूर तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी बेटावरचं खेडं होतं. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा व्हायला १९२० साल उजाडावं लागलं.

या पट्ट्यातली तरुण मुलं आता रविवारी पाठीला सॅक लावून डोंगरात जातात. सॅक भरताना कोणीतरी विचारतोच, की जनावर समोर आलं तर कोणता चाकू बरोबर असावा? दुकानात त्याची उत्तरं बरीच मिळतात: लांब पात्याचा, करवतीदार पाठीचा, काळ्या म्यानातला. पण याच डोंगरात ज्यांनी पिढ्यान् पिढ्या वाघ-बिबट्याशेजारी संसार केला, त्यांच्या कमरेला काय होतं आणि त्याचा उपयोग ते कशासाठी करत, हे आधी पाहायला हवं.

त्यांच्या कमरेला कोयता होता. आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या (एसजीएनपी) पाड्यांवरचे वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांच्यापैकी रानात जाणारा माणूस कोयत्यावाचून निघत नसे. कमरेला दोरी, दोरीला लाकडी आकडी आणि आकडीत कोयता, तोही पाठीमागे लटकलेला. ही जागा फार विचारपूर्वक ठरलेली आहे. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, डोक्यावर मोळी असली तर तोल सांभाळायला हवा, बसताना पातं मांडीला लागता कामा नये. झडप घालणाऱ्या जनावराशी लढायचं हत्यार कोणी पाठीमागे अडकवून ठेवत नाही. कोयता तिथे असायचा, कारण त्याचं गिऱ्हाईक झाड होतं.

त्याची घडणही तेच सांगते. पातं आतल्या बाजूला वळलेलं, धार आतून, टोकाला चोचीसारखा बाक. त्या बाकाने फांदी ओढायची आणि एका घावात तोडायची. काटेरी जाळी बाजूला सारायची, बांबू सोलायचा, नारळ फोडायचा, कारवीच्या काठ्या तोडून कुडाच्या भिंती उभ्या करायच्या. भोसकायला हे पातं निरुपयोगी आहे आणि त्याची पोच हातभराचीच. लोहाराकडे किंवा गावोगाव पाल टाकून राहणाऱ्या घिसाड्याकडे तो घडवून घेत. घिसाड्याच्या कुटुंबात पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि बाई घण घालते, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कितीतरी बाजारांत आजही दिसतं. मोटारी आल्यावर ट्रकच्या जुन्या पाट्यांचं पोलाद मिळू लागलं आणि कोयत्याला ते मानवलं: धार टिकते, पातं वाकत नाही. पाणी देण्यात मात्र कारागिराचा कस लागतो. पाणी जास्त झालं तर पातं तडकतं, कमी पडलं तर धार बसते.

कोयत्याला सर्वांत जास्त काम पडे ते राबासाठी. भाताची रोपं टाकायच्या जागेवर झाडांचा टहाळ, पालापाचोळा आणि शेण पसरून ते पावसाआधी जाळायचं, ही ठाणे-कुलाब्याकडची जुनी शेतीपद्धत. त्यासाठी ऐनाच्या फांद्या छाटाव्या लागत. १८७८ चा जंगल कायदा आला आणि ही छाटणी सरकारच्या डोळ्यांत खुपू लागली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने जंगलातल्या गुन्ह्यात वापरलेली अवजारं, गाड्या आणि गुरं जप्त करण्याची तरतूद कायम ठेवली. भाकरी मिळवून देणारं पातं अशा तऱ्हेने मुद्देमाल ठरू लागलं. या इतिहासात कोयत्यावर झालेला सर्वांत मोठा अन्याय हाच.

मग वाघाचं काय? वाघ इथे खराखुरा होता. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये वाघ आणि बिबट्या दोघांचीही नोंद आहे. विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये. या तलावांच्या पाणलोटासाठी राखलेलं रान जनावरांनाही आसरा देत राहिलं. साष्टीतला बहुधा शेवटचा वाघ १९२९ च्या जानेवारीत विहार तलावाजवळ मारला गेला आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची दखल घेतली गेली. तो बंदुकीने मारला होता. शिकारी साहेबाच्या पट्ट्यालाही सुरी असे, पण तिचं काम बंदुकीचं काम संपल्यावर सुरू होई, कातडं सोलण्यासाठी. आज दुकानात शिकारीचा चाकू म्हणून जो विकला जातो, त्याचा वंश इथून येतो. जनावराला रोखण्यासाठी तो कधीच बनला नव्हता.

पाड्यावरच्या माणसाकडे बंदूक नव्हती. त्याचं संरक्षण वेगळ्या गोष्टींत होतं. लाकूडफाट्याला बायका एकट्या जात नसत, घोळक्याने जात आणि वाटभर मोठ्याने बोलत राहत. तिन्हीसांजेनंतर पाणवठ्यावर जायचं टाळत. रात्री निघायचंच झालं तर पलिता किंवा कंदील, हातात काठी. पाड्याच्या शिवेवर वाघोबा. दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेला वाघ, बऱ्याचदा सोबत चंद्र-सूर्य, वर शेंदूर. वाघबारशीला त्याला नारळ, कोंबडा. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर भागातल्या वाघोबाच्या दीडशेहून अधिक ठाण्यांची नोंद करणारा एक शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. देवाच्या भरवशावर राहण्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण वाघोबाच्या मागे एक करार आहे: हे रान त्याचंही आहे, त्याची वेळ त्याला द्यायची, आपली आपण पाळायची. आज वनखातं शहरी माणसाला जे शिकवतं, त्यातलं बरंचसं या करारात आधीच आहे.

चाकू का उपयोगी पडत नाही, याचं उत्तर बिबट्याच्या पद्धतीत आहे. तो समोरून आव्हान देत येत नाही. दबा धरतो, मागून किंवा बाजूने येतो आणि मानेवर किंवा गळ्यावर दात रोवतो. म्यानाचं बटण उघडायला लागणारा वेळ तो देतच नाही. समजा दिला, तरी हातभर पात्याने त्याला जखम करायची म्हणजे त्याच्या चारही पंज्यांच्या आवाक्यात शिरायचं. जखमी बिबट्या न दुखावलेल्या बिबट्यापेक्षा किती भयंकर असतो, हे शिकाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. सुंदरबनात १९८० च्या दशकात मध आणि लाकूड गोळा करणाऱ्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधले, कारण वाघ पाठ पाहून येतो. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला २०२५ मध्ये शेतकरी गळ्यात खिळे बसवलेले पट्टे घालून शेतात जाऊ लागले. उसात वावरणाऱ्या या लोकांच्या घरी कोयत्यांना तोटा नाही. तरीही जीव वाचवायचा विचार आला तेव्हा त्यांनी पातं उगारण्यापेक्षा मान झाकली.

काठीची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२१ मध्ये आरे वसाहतीत पंचावन्न वर्षांच्या एका बाईंवर घराच्या अंगणातच बिबट्याने झडप घातली. आधाराला घेतलेली चालायची काठी त्यांनी त्याच्यावर चालवली आणि तो मागे हटला. सीसीटीव्हीत हे सगळं टिपलं गेलं. त्या जखमी झाल्या, पण वाचल्या. काठीने जनावर आणि माणूस यांच्यात अंतर ठेवलं, आणि भक्ष्य सोपं नाही हे कळल्यावर बिबट्या सहसा झुंजत बसत नाही.

हल्ले वाढतात ते कधी, याचाही अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. जुन्नर भागात उसातले बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडण्याची मोहीम २००१ च्या सुमाराला जोरात होती. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं, की आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते मोहिमेच्या काळात १७ वर गेले. हलवलेल्या बिबट्याला नवं रान अनोळखी, तिथल्या माणसांच्या वेळा अनोळखी. मुंबईतही २००२ ते २००४ या वर्षांत राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला हल्ल्यांची लाट आली होती आणि २००४ चा जून त्यात सर्वांत वाईट ठरला. २०११ मध्ये उद्यानाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. कचरा उचला, म्हणजे कुत्री कमी होतील आणि त्यांच्यामागे येणारा बिबट्याही. मुलांना अंधारात एकटं सोडू नका. उघड्यावर शौचाला वाकून बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो, म्हणून शौचालयं बांधा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात आणि भोवताली २०१५ च्या गणनेत ३५ बिबटे मोजले गेले. इतक्या दाटीत राहूनही बहुतेक वर्षं शांत जातात, ही या शहराने कमावलेली गोष्ट आहे.

आता कायद्याकडे यायला हवं, कारण सॅकमध्ये पातं ठेवणाऱ्या बहुतेकांना तो ठाऊक नसतो. शस्त्र कायद्याखालचे नियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला शस्त्र मानतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत, म्हणून कोयता शेतात चालतो. मात्र १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा याहून कडक आहे. त्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत बंदुका, फासे, सापळे यांच्याबरोबर चाकूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, लांबीची कोणतीही अट न घालता. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन जाता येत नाही. याच कायद्याच्या ११ व्या कलमात जीव वाचवण्यासाठी जनावराला मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही, असं म्हटलं आहे. पण लगेच पुढची अट आहे: त्या क्षणी माणूस या कायद्याचं दुसरं एखादं कलम मोडत असेल तर ही सूट त्याला मिळत नाही. म्हणजे बिबट्यापासून वाचायला उद्यानात चोरून नेलेला चाकूच स्वसंरक्षणाचा आधार काढून घेऊ शकतो.

उद्यानाबाहेरच्या सह्याद्रीत चाकू हवाच, पण कामापुरता. मुंबईत गिर्यारोहणाची संस्थात्मक सुरुवात ‘गिरिविहार’ने १९५४ मध्ये केली, तेव्हापासून डोंगरातल्या माणसाच्या खिशात घडीचा छोटा चाकू असतोच. चार बोटं लांबीचं पातं दोर कापायला, कांदा चिरायला, पट्टी फाडायला पुरतं. उघडल्यावर पातं अडकून राहील अशी कळ हवी, नाहीतर दाब पडताच ते बोटांवर मिटतं. कोकणच्या पावसात साधं पोलाद एका रात्रीत तांबेरतं. त्याला खोबरेलाचं बोट फिरवावं लागतं, नाहीतर न गंजणारं पातं घ्यावं आणि थोडी कमी धार चालवून घ्यावी. डोंगरात बिबट्यापेक्षा आग्या मोहोळाने कितीतरी जास्त लोक संकटात आणले आहेत, आणि मधमाश्यांवर पातं चालत नाही. तिथे अंगभर कपडे, शांतता आणि कड्याखाली धूर न करण्याचं शहाणपण लागतं.

एक पातं मात्र खरोखरच जनावरापासून वाचण्यासाठी बनवलं गेलं होतं. १९०४ च्या सुमारास लॉडर ब्रंटन या स्कॉटिश डॉक्टरने सर्पदंशासाठी एक छोटी नश्तर-डबी पुढे आणली: एका टोकाला बारीक पातं, दुसऱ्या टोकाच्या पोकळीत पोटॅशियम परमँगनेट. दंशाची जागा चिरायची आणि त्यात ती पूड भरायची. हिंदुस्थानात हे साधन बरंच वाटलं गेलं. पण त्याने विष उतरत नसे. उलट रक्तस्राव होई, जखम चिघळे, आणि घोणस किंवा फुरशाचं विष आधीच रक्त गोठू देत नसल्याने चिरलेल्या जागेतलं रक्त थांबता थांबत नसे. तरीही दंशावर चिरा देण्याची सवय गावोगावी कित्येक दशकं टिकली. परळच्या हाफकिन संस्थेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारं प्रतिविष तयार होऊ लागलं, महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांसारख्यांनी तालुक्याच्या जागी राहून विंचू आणि सर्पदंशाच्या रुग्णांवर काम केलं, तेव्हा कुठे चिरा देण्याचा आग्रह ढिला पडू लागला. आज सल्ला एवढाच आहे: हात-पाय हलवू नयेत, चिरू नये, आवळून बांधू नये, तडक रुग्णालय गाठावं.

कांजूरच्या पूर्वेकडच्या खारफुटीतही हेच लागू पडतं. तिथल्या कोल्ह्यांवर कांदळवन प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने अलीकडे अभ्यास झाला आहे. कोल्हा माणसाला टाळणारं जनावर. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागात कोल्हे माणसांना चावले तेव्हा त्यांच्यात रेबीज निघाला. चावल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. लस महापालिकेच्या रुग्णालयात मोफत मिळते, आणि खाडीकाठाला फिरायला निघणाऱ्याने तिथला रस्ता आधीच माहीत करून घेतलेला बरा.