रिकामी टाकी आणि लांबचा रस्ता : न्यूझीलंडमध्ये गाडी चालवताना



डिसेंबर-जानेवारीच्या सुट्ट्या आल्या की आपल्यातली बरीच कुटुंबे गाडी काढून लांबच्या प्रवासाला निघतात. भारतातून आई-बाबा आलेले असतात, डिकीत चिवड्या-लाडवांचे डबे असतात, मोटेलचे बुकिंग दोन महिने आधी झालेले असते. पेट्रोलबद्दल मात्र एकच वाक्य असते : "वाटेत भरू की!" पुण्याहून मुंबईला किंवा कोल्हापूरला जाताना हे वाक्य चालून जाते, कारण तिथे दर थोड्या अंतरावर पंप दिसतो. न्यूझीलंडमध्ये काही रस्त्यांवर शंभर-सव्वाशे किलोमीटर पंप नाही, वस्ती नाही आणि फोनला सिग्नलही नाही. म्हणून टाकी रिकामी होत आली असताना गाडी चालवली तर नेमके काय होते, कुठे काळजी घ्यायची आणि इंधन संपलेच तर काय करायचे, ही माहिती आम्ही येथे एकत्र दिली आहे.

"रिझर्व्ह"ची जुनी सवय

आपल्यापैकी अनेकांचे पहिले वाहन म्हणजे बजाजची स्कूटर नाहीतर एखादी मोटारसायकल. तिला पेट्रोलचा कॉक असायचा : ऑन, ऑफ आणि रिझर्व्ह. गाडी आचके देऊ लागली की हात खाली घालून कॉक फिरवायचा, की पुढचा पंप येईपर्यंत निश्चिंती. तेही संपले तर स्कूटर एका बाजूला कलती करायची आणि उरलेसुरले थेंब कार्ब्युरेटरपर्यंत पोचवायचे! ती यंत्रणा साधी होती. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली यायचे आणि संपले तरी कोणताही भाग बिघडत नसे.

आजच्या मोटारीत असा कॉक नाही. डॅशबोर्डवर पंपाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, त्यालाच आपण रिझर्व्ह म्हणतो. पण तो वेगळा साठा नाही. एकाच टाकीत थोडे उरले आहे, एवढेच तो दिवा सांगतो.

टाकीच्या आत काय चालते?

फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक सर्व पेट्रोल गाड्यांत इंधनाचा विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच असतो. पंपाची छोटी मोटर चालताना तापते. तिला थंड ठेवण्याचे आणि वंगण देण्याचे काम आजूबाजूचे व पंपातून वाहणारे पेट्रोलच करते. टाकी सतत तळाशी ठेवली की हे थंडावणे कमी पडते आणि पंपाचे आयुष्य घटते. एकदा दिवा लागल्याने पंप जळत नाही. मात्र रोजची सवय तीच असेल तर वर्षा-दोन वर्षांत फरक पडू शकतो. पंप बदलायचा तर मजुरीसह खर्च शेकडो डॉलरमध्ये जातो.

दुसरा प्रश्न हेलकाव्यांचा. टाकीत चार-पाच लिटर उरले असताना गाडी चढावर किंवा तीव्र वळणावर असली तर पेट्रोल एका कडेला जाते आणि पंप क्षणभर हवा ओढतो. इंजिनाला धक्के बसतात, सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पेटत नाही आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. त्याने तो जास्त तापून खराब होऊ शकतो. हा भाग पंपापेक्षाही महाग असतो.

"तळाचा गाळ इंजिनात जातो" असे पुष्कळदा ऐकू येते. त्यात अर्धेच तथ्य आहे. पंप नेहमी तळातूनच इंधन ओढतो, टाकी भरलेली असो वा रिकामी. त्याला जाळी आणि फिल्टरही असतो. जुन्या गाडीत शेवटच्या लिटरबरोबर थोडा जास्त कचरा फिल्टरपर्यंत येऊ शकतो, इतकेच.

डिझेल गाडीची गोष्ट जास्त गंभीर आहे. डिझेल संपले की नळ्यांत हवा शिरते. नुसते डिझेल भरून गाडी सुरू होईलच असे नाही, ती हवा काढावी लागते. शिवाय नव्या डिझेल इंजिनातल्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच असते. तो कोरडा चालला तर दुरुस्ती हजारांच्या घरात जाऊ शकते.

हायब्रिड गाड्या आता घरोघरी आहेत. पेट्रोल संपले तरी त्या बॅटरीवर थोडे अंतर जातात, पण ती मोठी बॅटरी पूर्ण उतरवली तर पुन्हा पेट्रोल भरूनही गाडी चालू होईल याची खात्री नसते. त्यामुळे "बॅटरी आहे ना" या भरवशावर राहू नये.

डॅशबोर्डवरचा आकडा किती खरा?

अनेक गाड्यांत "अजून इतके किलोमीटर" असा आकडा दिसतो. हा आकडा गेल्या काही अंतरातल्या सरासरी खपावरून काढलेला अंदाज असतो. पुढच्या रस्त्यावर घाट आहे, समोरून वारा आहे, गाडीत सात माणसे आणि टपावर सामान आहे, हे त्या संगणकाला ठाऊक नसते.

एक साधा हिशेब करू. दिवा लागला तेव्हा टाकीत ६ लिटर उरले आहे असे धरा. १०० किलोमीटरला ७ लिटर लागत असेल तर गाडी सुमारे ८५ किलोमीटर जाईल. चढाच्या रस्त्यावर तोच खप १० लिटर झाला तर फक्त ६० किलोमीटर. म्हणजे गाडी तीच, पेट्रोल तेवढेच, पण अंतर २५ किलोमीटरने कमी! दिवा नेमक्या किती लिटरला लागतो ते प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते, त्यासाठी गाडीचे पुस्तक पाहावे. जपानहून आलेल्या सेकंडहँड गाडीत पुस्तक आणि पडदा दोन्ही जपानी भाषेत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी मॉडेलचे इंग्रजी पुस्तक शोधून ठेवावे.

खरा धोका : चालत्या गाडीचे इंजिन बंद पडणे

खर्चापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारी मदतही फार वेळ टिकत नाही. साधारण एक-दोनदा दाबण्यापुरती ती शिल्लक असते, नंतर पेडल दगडासारखे लागते. ब्रेक लागतो, पण खूप जोर द्यावा लागतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच, सलग दाबावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

ऑकलंडच्या हार्बर ब्रिजचा विचार करा. १९५९ साली खुल्या झालेल्या या पुलावर आठ मार्गिका आहेत, पण कडेला थांबायला पट्टी नाही आणि पायी चालण्यासही मनाई आहे. तिथे गाडी थांबली तर मागून ८० च्या वेगाने येणाऱ्या गाड्यांच्या वाटेत आपण उभे असतो. इथे प्रश्न उशीर होण्याचा नाही, जिवाचा आहे.

काहीजण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात किंवा इंजिनच बंद करतात. घाटात पेट्रोल वाचवण्याची ही जुनी युक्ती आता उपयोगाची नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते. म्हणजे बचत नाहीच, वर इंजिनाचा ब्रेकही गेला.

टाकी कुठे भरून घ्यावी?

खाली दिलेली अंतरे अंदाजे आहेत.

- फॉक्स ग्लेशियर ते हास्ट (महामार्ग ६) : १२० किमी. फॉक्सला भरा. हास्टला पुन्हा भरा, कारण पुढे वानाका आणखी १४० किमीवर आहे आणि मध्ये हास्ट पास चढायचा आहे.
- टे आनाऊ ते मिलफर्ड साउंड (महामार्ग ९४) : १२० किमी. जाऊन-येऊन २४० होतात. मिलफर्डला मिळेल असे गृहीत न धरता टे आनाऊलाच टाकी पूर्ण भरा.
- स्ट्रॅटफर्ड ते टाउमारुनुई (महामार्ग ४३) : १५० किमी. यालाच "फरगॉटन वर्ल्ड हायवे" म्हणतात. मध्ये १९८९ साली गमतीने स्वतःला प्रजासत्ताक जाहीर केलेले व्हांगामोमोना गाव लागते, पण पेट्रोल पंप लागत नाही.
- वायोरू ते तुरांगी (महामार्ग १, डेझर्ट रोड) : ६० किमीहून थोडे जास्त. अंतर कमी, पण रस्ता १,०७४ मीटर उंचीपर्यंत चढतो. हिवाळ्यात बर्फामुळे तो अचानक बंद होतो आणि ओहाकुने-नॅशनल पार्कमार्गे वळसा घ्यावा लागतो.
- स्प्रिंगफील्ड ते आर्थर्स पास (महामार्ग ७३) : ८५ किमी. ख्राइस्टचर्चहून निघताना किंवा स्प्रिंगफील्डला भरा.
- काइटाया ते केप रेइंगा (महामार्ग १) : ११० किमी. परत येण्याचे अंतरही धरून काइटायाला भरा.

लहान गावांतले बरेच पंप माणसाविना, फक्त कार्डावर चालतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांचे कार्ड तिथे चालेलच असे नाही. त्यामुळे एक स्थानिक कार्ड पिनसह जवळ हवे. जिथे दुकानात पैसे द्यायचे असतात तिथे संध्याकाळनंतर दुकान बंद असू शकते.

वळसा, बर्फ आणि वीज

नकाशावरचे अंतर म्हणजे प्रत्यक्ष अंतर नव्हे. १४ नोव्हेंबर २०१६ च्या कायकोरा भूकंपात महामार्ग १ दरडींखाली गेला आणि तो थेट १५ डिसेंबर २०१७ रोजी पुन्हा सुरू झाला. त्या वर्षभरात पिक्टनहून ख्राइस्टचर्चला जाणाऱ्यांना लुईस पासमार्गे, डोंगरातून, कितीतरी लांब वळसा घ्यावा लागला. इथला डोंगर, पाऊस आणि भूकंप पाहता असा वळसा केव्हाही नशिबी येऊ शकतो.

बर्फात अडकून पडलो तर हीटरसाठी इंजिन चालू ठेवावे लागते. उभ्या गाडीतही तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाते. लहान मुले आणि वयस्कर आई-बाबा गाडीत असताना हे दोन-चार लिटर फार मोलाचे ठरतात. (अशा वेळी सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजलेले नाही ना, हे अवश्य पाहावे.)

फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल वादळाने हॉक्स बेमध्ये पूर आला, नेपियरची वीज गेली आणि कार्डाचे व्यवहारही ठप्प झाले. पेट्रोल पंप विजेवर चालतो. जमिनीखालच्या टाकीत हजारो लिटर असले तरी वीज नाही म्हणजे पेट्रोल नाही. त्या दिवशी ज्यांची टाकी अर्धी भरलेली होती, त्यांच्याकडे निदान निघून जाण्याचा पर्याय होता. भूकंपप्रवण देशात राहणाऱ्यांनी अर्धी टाकी हा घरातल्या पाण्याच्या साठ्यासारखाच आपत्कालीन साठा समजावा.

पण पैसे वाचतात ना?

टाकी रिकामी ठेवण्यामागे बहुधा सवलतीचा दिवस किंवा ॲपवर दिसलेला स्वस्त पंप असतो. ४० लिटरवर लिटरमागे १० सेंट वाचले तर बचत ४ डॉलरची. त्यासाठी १० किलोमीटर वाकडी वाट केली तर त्यातले सुमारे पाऊण लिटर पेट्रोल वाटेतच जळते. "कमी पेट्रोल म्हणजे गाडी हलकी" हेही खरे, पण २० लिटर पेट्रोलचे वजन जेमतेम १५ किलो. आपल्या डिकीतल्या तांदूळ-डाळीच्या पिशव्या त्याहून जड असतात! स्वस्त पंपावर जरूर भरा, फक्त पाव टाकी असताना शोध सुरू करा, दिवा लागल्यावर नव्हे.

संपलेच तर काय करावे?

१. धक्के जाणवताच इंडिकेटर देऊन डावीकडे या, शक्य तितके रस्त्याच्या बाहेर थांबा आणि हॅझार्ड दिवे लावा.

२. मोटरवेवर पायी चालू नका. सुरक्षित असेल तर डाव्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे उभे राहा. धोक्याच्या जागी अडकला असाल तर १११ लावा.

३. महामार्गाच्या मदतीसाठी ०८०० ४४ ४४ ४९. एएचे सभासद असाल तर ०८०० ५०० २२२ वर जवळच्या पंपापर्यंत पुरेल इतके इंधन मागवता येते.

४. सिग्नल नसेल तर गाडी सोडून जंगलातून चालत निघू नका. गाडीजवळच थांबा आणि येणाऱ्या वाहनाकडे पुढच्या गावात निरोप द्या.

५. पेट्रोल थंड पेयाच्या बाटलीत आणणे आपल्याकडे सर्रास चालायचे. येथे त्यासाठी मान्यताप्राप्त कॅनच वापरावा. कॅन जमिनीवर ठेवून भरावा, डिकीत ठेवून नव्हे.

६. निदान पाच लिटर घाला. मग इंजिन न फिरवता इग्निशन दोन-तीन वेळा काही सेकंद चालू-बंद करा, म्हणजे पंप नळ्या भरून घेईल. त्यानंतर स्टार्ट करा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर फिरवू नका. डिझेल गाडी दोन प्रयत्नांत सुरू झाली नाही तर मेकॅनिकलाच बोलवा.

थोडक्यात

शहरात पाव टाकी आणि लांबच्या रस्त्यावर अर्धी टाकी, याच्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही. शेवटच्या मोठ्या गावात टाकी भरायची, मग ती अर्धी भरलेली का असेना. निघण्यापूर्वी रस्ता उघडा आहे का ते पाहायचे आणि कोणत्या मार्गाने, किती वाजेपर्यंत पोचणार हे एका घरी सांगून ठेवायचे. जेवणाच्या डब्यांची यादी करताना सर्वांत वर "पेट्रोल" लिहिले तरी निम्मे काम झाले.

आपणा सर्वांना सुट्टीच्या आणि सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा!