‘प्रीमियर’ आपली होती का? कल्याण-शिळ रोडवरच्या गाड्यांची गोष्ट

ऑफिसच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे. एक मित्र गाडी घेतोय आणि बाकीचे अकरा जण त्याला सल्ले देतायत. अर्धे म्हणतात देशी घे, अर्धे म्हणतात थोडे पैसे टाक आणि ‘इम्पोर्टेड’ घे. आता ज्या गाडीला ते इम्पोर्टेड म्हणतायत ती बनते आपल्या चाकणमध्ये, हा भाग वेगळा! पण त्यावरून मला वाटलं, हा वाद जिथे खरोखर घडला ती जागा आपल्या घराजवळच आहे. त्यावर एक भाग करू.

डोंबिवलीकरांनो, तुम्ही ‘प्रीमियर ग्राउंड’ म्हणता ना? सभा, मेळावे, जत्रा सगळं तिथेच. हे नाव एका मोटार कंपनीचं आहे, हे आमच्या सोसायटीतल्या निम्म्या पोरांना माहीत नाही. कल्याण-शिळ रोडवर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. मूळ कारखाना कुर्ल्याला, आणि हा दुसरा.

थोडं मागे जाऊ. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. पेट्यांमधून सुटे भाग बोटीने यायचे, इथे नटबोल्ट आवळले जायचे. वालचंद हिराचंद यांना हे पुरेसं वाटत नव्हतं. सोलापूरचा हा माणूस बांधकाम, साखर, जहाजं, विमानं असं सगळं करून बसलेला. गाडी इथेच बनली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, अमेरिकेच्याच क्रायस्लरशी जमली. पण महायुद्ध सुरू होतं आणि ब्रिटिश सरकारने हवा तो पाठिंबा दिला नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर उभी राहिली. १९४७ पासून कुर्ल्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ बाहेर पडायला लागल्या. म्हणजे पहिली ‘देशी’ गाडीसुद्धा अमेरिकन पेटीतूनच आली.

खरा ट्विस्ट १९५३ चा. टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांच्याकडे इथे टप्प्याटप्प्याने उत्पादन करायची योजना आहे त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी नाही. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला. फियाट ११०० इथे बनायला लागली आणि हळूहळू तिचे जवळजवळ सगळे भाग इथलेच झाले. परदेशी गाडी आणायची वाट सामान्य माणसाला बंदच होती. परदेशी वकिलातींच्या जुन्या गाड्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, त्या घ्यायला खिसा आणि ओळख दोन्ही लागायचं.

आता यात ग्राहकाचं काय झालं? नंबर लावा आणि थांबा, वर्षानुवर्षं. किंमतसुद्धा सरकार ठरवायचं. १९६९ मध्ये सरकारने किमती बांधल्या तेव्हा प्रीमियर थेट सुप्रीम कोर्टात गेली, निकाल १९७१ मध्ये लागला. गाडी विकणारा किमतीसाठी कोर्टात आणि घेणारा रांगेत.

माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. तुम्ही दुसऱ्याचा कोड फोर्क केला, स्वतःच्या सर्व्हरवर चालवला, छान. पण मूळ प्रोजेक्ट पुढे जात राहिला आणि तुम्ही त्यातलं काहीच परत घेतलं नाही, स्वतःचंही फार काही लिहिलं नाही, तर काय होईल? पद्मिनी झाली ती तशी. मुळात १९६२ चं इटालियन मॉडेल, सत्तरच्या दशकात नाव बदललं, आणि साधारण तशीच २००० सालापर्यंत बनत राहिली. दणकट होती, कोपऱ्यावरचा मेकॅनिक डोळे मिटून उघडायचा, हे खरंच. त्याचमुळे काळी-पिवळी म्हणून ती इतकी टिकली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ ची नोंदणी होती, वीस वर्षांची मुदत संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

मध्ये १९८३ मध्ये मारुती ८०० आली. नाव देशी, जीव सुझुकीचा. लोकांना पहिल्यांदा कळलं की गाडी सकाळी एका झटक्यात सुरू होऊ शकते.

१९९३ मध्ये मोटार उद्योगाचं लायसन्स राज संपलं आणि प्रीमियरने परदेशी पाहुणा आणला तो आपल्याकडे. प्यूजो ३०९, १९९४ पासून, कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यातून. फ्रेंच गाडी! पण ही गाडी युरोपात १९८५ मध्ये आलेली, आणि आपल्याकडे सुरू झाली तेव्हा तिकडे तिचा निरोप समारंभ उरकत आला होता. अजून एक गंमत ऐका: ३०९ मुळात प्यूजो म्हणून आखलीच नव्हती. ती टॅल्बोट नावाने येणार होती. टॅल्बोट म्हणजे क्रायस्लरचा युरोपातला धंदा, जो प्यूजोने १९७८ मध्ये विकत घेतला. वालचंदांनी ज्या क्रायस्लरपासून सुरुवात केली, तिचाच दूरचा नातू पन्नास वर्षांनी शिळ रोडवर आला.

तो फार टिकला नाही. कामगारांचे तंटे झाले, त्यात प्रीमियरने फियाटशी पुन्हा सूत जमवून युनो आणली, आणि १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. या शेवटाचं खापर सहसा युनियनवर फोडलं जातं. मला ते आळशी उत्तर वाटतं. संप हे एक कारण होतं, नाही म्हणत नाही. पण इतकी वर्षं स्पर्धा नसताना नवीन गाडी स्वतः डिझाइन करायची ताकद कमावली नाही, तो निर्णय मशीनवर उभ्या माणसाचा नव्हता. नोकरी मात्र त्याची गेली. टाटांनी १९९८ मध्ये इंडिका आणली ती बाहेरच्या डिझाइन स्टुडिओची मदत घेऊनच, पण गाडीचा मालक कोण हे स्पष्ट होतं. हॅरिअर, नेक्सॉन त्या रस्त्यावरून आल्या.

म्हणून मित्राला मी लोगो बघू नको असं सांगितलं. चेसिस नंबर बघ: पहिली दोन अक्षरं ‘एमए’ ते ‘एमई’ असतील तर गाडी भारतात बनलेली. पूर्ण तयार आयात गाडीवर ७० टक्क्यांपासून पुढे कर बसतो, म्हणून बहुतेक परदेशी ब्रँड इथेच बनवतात किंवा जोडतात. पण जोडणी आणि उत्पादन यात १९५३ इतकाच फरक आजही आहे. इंजिन कुठून येतं, गिअरबॉक्स कुठून येतो, पुढचं मॉडेल कुठल्या शहरात आखलं जातंय, हे शोरूमवाल्याला विचार. तो गोंधळेल, पण विचार. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ठरावीक कोट्यापुरता गाड्यांवरचा कर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरलंय, त्यामुळे हा प्रश्न पुन्हा तापणार.

तुमच्या घरात किंवा चाळीत कुणी कुर्ला किंवा डोंबिवलीच्या प्रीमियरमध्ये कामाला असेल, तर त्यांना बोलतं करा आणि व्हॉइस नोट पाठवा. प्यूजोच्या लाइनवर काम केलेलं कुणी भेटलं तर सोन्याहून पिवळं. पुढचा भाग त्यांच्याच आवाजात करू.