एक्झुबेरा का बंद पडलं? श्वासातून घ्यायच्या इन्सुलिनची गोष्ट

माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण म्हणजे लिटरेचर रिव्ह्यू. त्याच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं : 'फुप्फुसाच्या कर्करोगाच्या भीतीमुळे एक्झुबेरा हे श्वासावाटे घ्यायचं इन्सुलिन बाजारातून काढून घेण्यात आलं.' वाक्य मला फार आवडलं होतं. छोटं आणि ठाम. सरांनी त्याखाली पेन्सिलीनं दोन तारखा लिहून खर्डा परत केला. १८ ऑक्टोबर २००७ आणि ९ एप्रिल २००८. बाकी एक अक्षर नाही.

पहिली तारीख फायझरनं एक्झुबेरा बंद करत असल्याचं जाहीर केलं तो दिवस. दुसरी, कर्करोगाचे आकडे जगासमोर आले तो. म्हणजे मी जे 'कारण' म्हणून लिहिलं होतं, ते 'परिणाम' होऊन गेल्यावर सहा महिन्यांनी समोर आलं होतं. मी ते वाक्य कुठून घेतलं? एका रिव्ह्यू पेपरमधून. त्यानं दुसऱ्या रिव्ह्यूमधून. तुम्हीही लवकरच असं प्रकरण लिहायला बसाल, म्हणून ही गोष्ट सविस्तर सांगतेय. दुसरं कारण घरचं आहे, ते ओघात येईलच.

सुरुवातीपासून बघू. टोरांटोमध्ये ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, हे आपण सगळे शिकलोय. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १९२४-२५ च्या सुमाराला, जर्मन नियतकालिकांत इन्सुलिन हुंगवण्याच्या प्रयोगांचे लेख दिसू लागतात. गेन्सलेन यांचा १९२५ चा लेख त्यातला नेहमी उल्लेखला जाणारा. एवढी घाई का, याचं उत्तर त्या काळच्या सुईत आहे. काचेची सिरिंज रोज उकळायची, जाड सुई बोथट झाली की दगडावर घासून धार लावायची, आणि हे दिवसातून अनेकदा, आयुष्यभर. पोटातून औषध देता येत नव्हतं, कारण इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. जठराच्या दृष्टीनं त्यात आणि डाळीत फरक नाही, ते पचून जातं. मग उरतं फुप्फुस. त्यातल्या वायुकोशांचं क्षेत्रफळ सत्तर ते शंभर चौरस मीटर, भिंत अतिशय पातळ आणि पलीकडे लगेच रक्त.

कल्पना बरोबर होती, पण औषध तिथवर पोचवायचं कसं? कण साधारण १ ते ५ मायक्रोमीटर एवढेच हवेत. मोठे घशात आदळून बसतात, फार बारीक असले तर श्वासाबरोबर बाहेर येतात. त्या काळच्या फवाऱ्यांनी बहुतेक औषध वाया जायचं. १९७१ मध्ये विग्ली आणि सहकाऱ्यांनी नेब्युलायझरनं प्रयोग करून फुप्फुसातून इन्सुलिन रक्तात जातं हे पुन्हा दाखवलं. कोरड्या भुकटीचं तंत्र नीट हाती यायला १९९० चं दशक उजाडलं.

आता एक्झुबेरा. नेक्टार या कंपनीचं (तिचं आधीचं नाव इनहेल) तंत्रज्ञान आणि फायझरचा पैसा. २००६ च्या जानेवारीत फायझरनं भागीदार सनोफी-अव्हेंटिसचा हिस्सा १.३ अब्ज डॉलर देऊन विकत घेतला, आणि त्याच महिन्यात अमेरिका व युरोप दोन्हीकडे मंजुरी मिळाली. वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या विक्रीच्या गोष्टी चालल्या होत्या. प्रत्यक्षात २००७ च्या पहिल्या नऊ महिन्यांत विक्री झाली १२ दशलक्ष डॉलरची. कंपनीनं २.८ अब्ज डॉलर खर्ची टाकले आणि दुकान आवरलं.

का? इथे जरा थांबून एक हिशेब स्वतः करून बघा. मी तो केला नसता तर मला ही गोष्ट कळलीच नसती. एक्झुबेराच्या पुड्या १ आणि ३ मिलिग्रॅमच्या होत्या. मधुमेहाचा रुग्ण मोजतो युनिटमध्ये. १ मिलिग्रॅम इन्सुलिन म्हणजे साधारण २९ युनिट. पण एक्झुबेराची १ मिलिग्रॅमची पुडी टोचून घेतलेल्या सुमारे ३ युनिटांइतकंच काम करायची. म्हणजे नऊ-दशांश औषध यंत्रात, तोंडात, घशात, वाटेत कुठेतरी राहिलं! किंमत जास्त का, हे कळायला आता वेगळ्या पेपरची गरज नाही. त्याहून मजेशीर (रुग्णासाठी मुळीच नाही) गोष्ट अशी, की ३ मिलिग्रॅमची एक पुडी सुमारे ८ युनिटांइतकी, पण १-१ च्या तीन पुड्या घेतल्या तर रक्तात पोचणारं इन्सुलिन त्याहून बरंच जास्त. तीन एके तीन इथे चालत नाही. ज्या औषधाचा डोस थोडा चुकला की माणूस घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो, त्याच्या बाबतीत ही भानगड.

यंत्र तर काय सांगावं. बंद असताना टेनिस बॉलच्या डब्याएवढं, उघडलं की फूटभर. दांडा दाबून हवा भरायची, कळ दाबायची, पारदर्शक नळकांड्यात पांढरा ढग तयार व्हायचा, तो सावकाश ओढायचा. हॉटेलात जेवायच्या आधी चार लोकांत हे करून बघा. शिवाय सुरू करण्याआधी फुप्फुसाची तपासणी, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. धूम्रपान करणाऱ्यांना मनाई. आणि साखर मोजायला बोटाला सुई टोचणं सुटलं नव्हतंच.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो २००५ साली 'डायबेटिस केअर' मध्ये आलेल्या एका अभ्यासानं. टाइप २ च्या, गोळ्यांनी वा पथ्यानं साखर आटोक्यात नसलेल्या ७७९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला उपलब्ध उपचारांची माहिती दिली. दुसऱ्याला तीच माहिती, अधिक श्वासातून घ्यायच्या इन्सुलिनची. मग विचारलं, तुम्ही काय निवडाल? पहिल्या गटात इन्सुलिनला तयार होणारे सुमारे १५ टक्के. दुसऱ्यात सुमारे ४३. हा आकडा बघून कोणत्या कंपनीला उत्साह येणार नाही? अभ्यासात खोट नव्हती. पण त्यात विचारलं होतं 'काय निवडाल', आणि निवडणाऱ्यांच्या हातात ना ते नळकांडं होतं, ना बिल. प्रश्नावलीतला 'हो' आणि औषधाच्या दुकानातला 'हो' यांच्यात दोन वर्षांनी किती अंतर निघालं ते वर आलंच आहे.

दरम्यान सुई एका जागी थांबली नव्हती, ही बाजू माझ्या खर्ड्यात पूर्णच राहून गेली होती. पेन १९८५ पासून बाजारात होतं. सुया बारीक आणि आखूड होत गेल्या, आज ४ मिलिमीटरच्या मिळतात. एक्झुबेरा ज्या सुईशी लढायला निघालं होतं, ती सुई ते बाजारात येईपर्यंत बरीचशी नाहीशी झाली होती.

नंतरचा भाग भराभर सांगते. २००८ च्या जानेवारीत नोव्हो नॉर्डिस्कनं आणि मार्चमध्ये लिलीनं आपापले प्रकल्प गुंडाळले. एप्रिलमध्ये ते आकडे आले : चाचण्यांत एक्झुबेरा घेतलेल्या ४,७४० जणांपैकी ६ जणांना फुप्फुसाचा कर्करोग, तुलनेच्या गटातल्या ४,२९२ पैकी १ जणाला. एक्झुबेरा गटातले सहाही जण पूर्वी धूम्रपान केलेले. एवढ्या कमी संख्येवरून कारण सिद्ध होत नाही, पण दुर्लक्षही करता येत नाही. नेक्टार तोवर नवा भागीदार शोधत होती, तो शोध यामुळे थांबला. तेव्हा कर्करोगाच्या आकड्यांनी काहीतरी संपवलं हे खरं. पण ते एक्झुबेराचं पुनरागमन, एक्झुबेरा नव्हे.

मग उरली एकच कंपनी, आल्फ्रेड मान यांची मॅनकाइंड. (आपल्याकडच्या त्याच नावाच्या कंपनीशी संबंध नाही, मी स्वतः सुरुवातीला गोंधळले होते.) इथे प्रश्नच बदलला, आणि माझ्या मते हीच या इतिहासातली खरी घटना. एफडीकेपी नावाच्या पदार्थाच्या सूक्ष्म कणांवर इन्सुलिन बसवायचं. हे कण आम्लात घट्ट राहतात आणि फुप्फुसातल्या उदासीन वातावरणात लगेच विरघळतात. इन्सुलिन १२ ते १५ मिनिटांत रक्तात शिखर गाठतं आणि डोसनुसार दीड ते तीन तासांत काम संपवतं. टाइप २ मध्ये जेवायला बसल्याबरोबर स्वादुपिंडातून येणारी इन्सुलिनची पहिली लाट लवकर नाहीशी होते. टोचलेलं इन्सुलिन ती लाट नीट भरून काढत नाही, कारण ते उशिरा येतं आणि उशिरापर्यंत रेंगाळतं. म्हणजे 'सुई नको' हा मुद्दा मागे पडून 'वेळ साधायची' हा पुढे आला. औषध तेच, मार्ग तोच, संशोधनाचा प्रश्न वेगळा.

त्यांचीही वाट सरळ नव्हती. २०१० आणि २०११ मध्ये अमेरिकी एफडीएनं अर्ज परत पाठवले. दुसऱ्यांदा अडचण होती ती मध्येच बदललेल्या इनहेलरची, कारण जुन्या यंत्रावरचे निष्कर्ष नव्या यंत्राला आपोआप लागू होत नाहीत. अखेर जून २०१४ मध्ये अफ्रेझाला मंजुरी मिळाली. यंत्र अंगठ्याएवढं, शिट्टीसारखं. टाइप २ वरची मुख्य चाचणी ३५३ जणांवर, २४ आठवडे झाली. एचबीएवनसी औषधाच्या गटात सुमारे ०.८ नं उतरलं, तुलनेच्या गटात ०.४ नं. तुलनेच्या गटाला काय दिलं होतं माहितीये? तीच भुकटी, फक्त इन्सुलिनशिवाय. त्यामुळे खोकला दोन्ही गटांत दिसला आणि तो मुख्यतः भुकटीचा, इन्सुलिनचा नव्हे, हे ओळखता आलं. कंट्रोल ग्रुप कसा आखावा याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

अफ्रेझाच्या माहितीपत्रकातही वरचा हिशेब करा. ४ युनिटच्या कार्ट्रिजमध्ये ०.३५ मिलिग्रॅम इन्सुलिन आहे, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे १० युनिट. डब्यावरचं 'युनिट' हे आत काय भरलंय ते सांगत नाही, ते किती टोचण्याच्या बरोबरीचं मानलंय ते सांगतं. त्याच पत्रकात ठळक चौकटीत इशारा आहे : दमा किंवा सीओपीडी असलेल्यांनी घेऊ नये, श्वासनलिका एकदम आवळली जाऊ शकते. फुप्फुसाची तपासणी इथेही सुटत नाही.

तर घरचं कारण. डिसेंबर २०२४ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी सिप्लाला अफ्रेझा इथे आणायची परवानगी दिली. त्या आठवड्यात बाबांचा फोन. त्यांना टाइप २ होऊन चौदा वर्षं झालीत, दोन वर्षांपासून डॉक्टर इन्सुलिन सुरू करा म्हणतायत, आणि एचबीएवनसी ९ च्या वर.

"अगं, ते ओढायचं इन्सुलिन येतंय ना? मग थांबू की तोवर. तुझाच विषय आहे, तू सांग."

माझाच विषय होता, आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं ते रात्री एकदा घ्यायचं, दिवसभर हळूहळू पुरणारं इन्सुलिन. टाइप २ मध्ये सुरुवात बहुधा त्यानंच होते. अफ्रेझा हे जेवणाच्या वेळचं, दोन-तीन तासांत संपणारं. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. इतके पेपर वाचून मी ही साधी गोष्ट कधी एका वाक्यात लिहिली नव्हती.

सुट्टीत गेले तेव्हा डॉक्टरांकडून आणलेल्या पेनची सुई त्यांना दाखवली. ते बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे आजीची काचेची सिरिंज होती, स्टीलच्या डबीत उकळायला ठेवलेली. "एवढीशीच?" म्हणाले. मला वाटलं, झालं काम. पण पेन तसंच टेबलावर ठेवून थोड्या वेळानं म्हणाले, "सुईचं नाही गं एवढं. एकदा हे लागलं की सुटत नाही म्हणतात. आईचं लागलं आणि तिसऱ्या वर्षी ती गेली."

आजीचं इन्सुलिन सुरू झालं तेव्हा तिच्या किडन्या आधीच गेल्या होत्या. म्हणजे तिथेही तारखांचाच घोळ. मी एका कागदावर आजीच्या जुन्या रिपोर्टांच्या तारखा एकाखाली एक लिहून त्यांच्यापुढे ठेवल्या, सरांनी ठेवल्या होत्या तशाच. त्यांनी त्या चष्मा लावून दोनदा वाचल्या.

पेन त्यांनी फेब्रुवारीत सुरू केलं, १० युनिटनं. खर्ड्यातलं ते वाक्य मी काढलंय. त्याच्या जागी सध्या दीड पान झालंय आणि सर म्हणतात अजून कापा.