जुन्या मोटारीचे इंजिन : कार्यक्षमता सुधारणे (खर्डी–कसारा घाट)

वापराने झिजलेल्या इंजिनाला मूळची ताकद, पिकअप आणि सरासरी परत मिळवून देण्याचे काम. नवी ताकद भरणे हा त्याचा हेतू नसतो. कारखान्यातून निघताना जी होती तीच शोधायची असते.

खर्डी (ता. शहापूर, जि. ठाणे) हे मुंबई–आग्रा मार्गावरचे, कसारा घाटाच्या अलीकडचे गाव. मुंबईकडून येणाऱ्या गाडीची खरी परीक्षा इथून पुढे होते. घाटमाथ्यावरचे इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. दर १०० मीटर चढाला हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती साधारण १ टक्क्याने घटते. धडधाकट इंजिनाला हे फारसे जाणवत नाही. कॉम्प्रेशन गेलेले इंजिन मात्र चढावर दम तोडते.

या भागातल्या जुन्या पिढीने पाहिलेल्या गाड्या म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची १,०८९ घन सेंमी. इंजिनाची फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८००. दोन्हींचे कार्बोरेटर आणि पेट्रोलपंप तापलेल्या इंजिनाला लागून असत. उन्हाळ्यात घाटात नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे. मग पंपावर ओले फडके ठेवून थांबणे हाच उपाय.

तपासणीची सुरुवात कॉम्प्रेशनपासून करावी. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. एखाद्यात तो कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. ही साधी चाचणी न करता इंजिन खोलायला देणे म्हणजे पैसे वाया घालवणे. घाट स्वतःच मोठा परीक्षक आहे: इगतपुरीहून गिअरमध्ये उतरून आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर आला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेले आहेत आणि रिंगपिस्टनला हात लावायची गरज नाही. सतत निळा धूर रिंगा झिजल्याचा, काळा धूर जादा पेट्रोलचा.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. शिशामुळे मिळणारे संरक्षण गेल्याने काही फार जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका खोल जातात, टॅपेटमधले अंतर मिटते आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाही. अशा हेडला कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात.

त्यानंतर प्लग, पॉइंट, टायमिंग, एअर फिल्टर आणि कार्बोरेटरचे जेट. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरून गाडी मिसिंग करते. टोपी कोरडी करून तडे पाहावेत. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडची सवय घातक आहे. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळते, झीज वाढते. त्याऐवजी रेडिएटर साफ करावा. क्लच प्लेट घसरत असेल किंवा ब्रेक चिकटून राहत असेल, तरी दोष इंजिनाच्या माथी जातो.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून आणखी एक काळजी आहे. इथेनॉलमधली ऊर्जा लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने सरासरी थोडी घटते. जुन्या रबरी नळ्या व डायफ्रॅम लवकर खराब होतात. ते इथेनॉल सोसणारे घ्यावेत. कार्बोरेटरचे मिश्रण पातळ पडते, ते पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. इंजिन बदलले किंवा सीएनजी बसवला, तर त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयातून नोंदणी पुस्तकात करून घ्यावी लागते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीत उतरल्यास ती एका वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते.