महामारी आणि संचलन-संगीताचा स्पर्धात्मक हंगाम : अमेरिकेतील ड्रम कोर चळवळीचा विचार (२०२०–२०२२)

प्रस्तावना

साथीच्या रोगांच्या इतिहासलेखनात मृत्युसंख्या, अलगीकरण, औषधोपचार आणि शासकीय धोरण यांना स्वाभाविकपणेच अग्रस्थान मिळते. समूहाने जोपासलेल्या कलांचे साथीच्या काळात काय होते, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ‘ड्रम कोर’ या संचलन-संगीताच्या प्रकारावर कोविड-१९ च्या महामारीने आणलेल्या संकटाचा विचार केलेला आहे.

ड्रम कोर म्हणजे पितळी सुषिर वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वज फिरविणारे कलावंत यांचे सुमारे दीडशे तरुणांचे पथक होय. क्लॅरिनेट, बासरी यांसारख्या वाद्यांना त्यात स्थान नसते. फुटबॉलच्या मैदानावर चालत-धावत, क्षणोक्षणी नव्या आकृत्या रचत हे पथक जास्तीत जास्त १२ मिनिटांचा प्रयोग सादर करते. परीक्षक १०० पैकी गुण देतात. त्यांपैकी ४० एकूण परिणामाला, ३० दृश्यांगाला आणि ३० संगीताला असतात. मराठी वाचकास येथे शाळेचा बँड किंवा गणेशोत्सवातील ढोल-ताशा पथक आठवेल. परंतु हे साम्य वरवरचे आहे. ड्रम कोर शाळेशी किंवा सणाशी बांधलेले नसते. ते स्पर्धेच्या हंगामासाठीच उभे राहते.

पूर्वपीठिका

या चळवळीचे मूळ पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात सापडते. १९१९ मध्ये ‘अमेरिकन लीजन’ ही माजी सैनिकांची संघटना स्थापन झाली आणि तिच्या आश्रयाने बिगुल व नगाऱ्यांच्या पथकांच्या स्पर्धा फोफावल्या. त्याच्या आदल्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने अमेरिकेला ग्रासले होते. २८ सप्टेंबर १९१८ रोजी फिलाडेल्फिया शहरात युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक काढण्यात आली व ती पाहण्यासाठी सुमारे २ लाख लोक रस्त्यावर आले. काही दिवसांतच तेथील रुग्णालये भरून गेली आणि पुढील काही आठवड्यांत सुमारे १२ हजार नागरिक मृत्यू पावले. अशा मिरवणुकांतील संचलन-संगीत गर्दी जमविण्याचे साधन होते. रद्द व्हावा असा त्याचा स्वतंत्र हंगाम तेव्हा निर्माणच झाला नव्हता. १९१८ आणि २०२० यांची तुलना करताना हा फरक विसरता येत नाही.

स्वतंत्र हंगाम निर्माण झाला तो बंडातून. माजी सैनिकांच्या संघटनांचे नियम आणि बक्षिसांच्या रकमेची वाटणी यांविषयी पथकांत असंतोष साचला होता. १९७१ मध्ये काही अग्रगण्य पथकांनी एकत्र येऊन ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ ही स्वतःची संस्था उभारण्याचा निर्णय घेतला. ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली व ती ‘अॅनाहाइम किंग्जमेन’ या पथकाने जिंकली. त्यानंतर २०१९ पर्यंत एकही वर्ष खंड पडला नाही. इंधनाची टंचाई, पथकांची घटती संख्या, वाढता खर्च अशी संकटे आली. शेकडो पथके काळाच्या ओघात बंद पडली. तरी ऑगस्टमधील अंतिम फेरी चुकली नाही.

हंगामाची रचना आणि रोगाचा धोका

महामारीचा धोका नेमका कोठे होता, हे समजण्यासाठी हंगामाची रचना पाहावी लागते. हिवाळ्यात निवडीची व सरावाची शिबिरे होतात. मे महिन्याच्या अखेरीस सर्व वादक एकत्र राहावयास येतात. जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पथक गावोगाव फिरते. प्रयोग संपला की रात्री बसमध्ये बसावयाचे, पहाटे पुढच्या गावी एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर अंथरूण टाकावयाचे, पथकाबरोबर फिरणाऱ्या स्वयंपाकाच्या गाडीपाशी रांगेत जेवावयाचे आणि दिवसभर उन्हात सराव करावयाचा, असा हा क्रम असतो. या सहजीवनालाच ड्रम कोरचे खरे शिक्षण मानले जाते.

रोगाच्या दृष्टीने पाहिल्यास मैदानावरील १२ मिनिटे ही या दिनक्रमातील सर्वांत कमी धोक्याची म्हणावी लागतील. ती मोकळ्या हवेत असतात. धोका उरलेल्या वेळेत होता. बंद बस, एका छताखाली झोपलेले दीडशे तरुण, दर एक-दोन दिवसांनी नवे गाव आणि नवा प्रेक्षक. चळवळीचे जे बळ होते, तेच नेमके रोगाच्या प्रसाराला अनुकूल ठरले असते.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. बंदिस्त सभागृहातील स्पर्धा घेणाऱ्या ‘विंटर गार्ड इंटरनॅशनल’ या संस्थेने एप्रिलमधील आपली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्याच महिन्यात रद्द केली. मार्चच्या अखेरीस ड्रम कोर इंटरनॅशनलनेही उन्हाळ्याचा संपूर्ण दौरा रद्द केला. शरद ऋतूत शालेय बँडसाठी होणाऱ्या ‘बँड्स ऑफ अमेरिका’च्या स्पर्धांचीही तीच गत झाली. निर्णय इतक्या लवकर घेण्यामागे आर्थिक विवेक दिसतो. वादकांची काही हजार डॉलरांची शुल्के, बस व शाळांचे करार हे सारे दौऱ्याआधीच पक्के करावे लागते. अर्ध्यावर मोडलेला दौरा न निघालेल्या दौऱ्यापेक्षा महाग पडला असता.

उत्पन्नाची दुसरी बाजूही याच सुमारास कोसळली. कॅलिफोर्नियातील काही पथके बिंगो या खेळाच्या सभागृहांतून पैसा उभा करीत. १९ मार्च २०२० रोजी त्या राज्यात घरी राहण्याचा आदेश निघाल्यावर अशी सभागृहे बंद झाली. २०१८ चे विजेते ‘सांता क्लारा व्हॅनगार्ड’ हे पथक २०२३ मध्ये आर्थिक कारणास्तव दौऱ्यावर निघू शकले नाही व २०२४ मध्ये परतले. त्याचे सारे खापर महामारीवर फोडणे योग्य होणार नाही. पण संचित निधीवर आलेला ताण दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

फुंकवाद्य आणि विज्ञान

फुंकून वाजविण्याची वाद्ये रोग पसरवितात काय, या प्रश्नाचे उत्तर आरंभी कोणापाशीच नव्हते. १० मार्च २०२० रोजी वॉशिंग्टन राज्यातील स्कॅगिट काउंटीत एका गायकवृंदाच्या सरावाला ६१ जण उपस्थित होते. त्यांपैकी निश्चित व संभाव्य मिळून ५३ जण बाधित झाले आणि दोघांचा मृत्यू झाला. या घटनेने संगीतक्षेत्र हादरले. पुढे अनेक संगीतसंस्थांनी एकत्र येऊन कोलोरॅडो व मेरीलँड विद्यापीठांतील शास्त्रज्ञांकडून वाद्यांतून निघणाऱ्या सूक्ष्म तुषारांचा अभ्यास करविला. वाद्याच्या रुंद मुखावर कापडी आच्छादन, वादकांमध्ये ६ फूट व ट्रॉम्बोनसाठी ९ फूट अंतर, बंदिस्त जागेत ३० मिनिटांचा सराव आणि नंतर हवा पालटण्यासाठी विराम, अशा शिफारशी त्यातून पुढे आल्या. खांद्याला खांदा लावून रांगा वळविणाऱ्या कलेला ६ फुटांची अट किती जाचक होती, हे निराळे सांगावयास नको.

वयाची अट आणि परंपरेचा खंड

तथापि सर्वांत खोल जखम अर्थकारणाला किंवा तंत्राला झाली नाही. ती पिढ्यांच्या साखळीला झाली. तेव्हाच्या नियमानुसार १ जून रोजी वय २१ पेक्षा अधिक नसणाऱ्यांनाच पथकात राहता येई. शेवटच्या वर्षीच्या वादकांना निरोप देण्याचा विधी या चळवळीत अत्यंत भावपूर्ण मानला जातो. २०२० मध्ये हा उन्हाळाच उगवला नाही. त्या वर्षी वयोमर्यादेला पोहोचलेल्यांना २०२१ मध्ये सहभागी होण्याची सवलत देण्यात आली. पण नोकरी अथवा उच्च शिक्षणाच्या वाटेला लागलेल्या प्रत्येकास तिचा लाभ घेता येणे शक्य नव्हते.

२०२१ चा हंगाम आखूड होता आणि त्यात गुणदान नव्हते. १२ ते १४ ऑगस्ट या दिवसांत इंडियानापोलिसच्या ल्यूकस ऑइल स्टेडियमवर पथकांनी विजेता न ठरविता प्रयोग सादर केले. स्पर्धेसाठी जन्मलेल्या संस्थेने स्पर्धेविना उत्सव भरविला, ही घटना तिच्या इतिहासात अपूर्व होय. स्पर्धा हाच या कलेचा प्राण आहे, असे मानणाऱ्यांना या प्रयोगाने विचार करावयास लावले असणार. मात्र त्यावरून स्पर्धा अनावश्यक ठरते, असे म्हणणे घाईचे होईल. पुढच्याच वर्षी, पहिल्या अजिंक्यपदाला ५० वर्षे होत असताना, गुणदान पूर्ववत सुरू झाले आणि ‘ब्लू डेव्हिल्स’ पथकाने विजेतेपद मिळविले.

२०२२ च्या त्या मैदानाचे एक साधे गणित मांडता येते. त्या उन्हाळ्यात या स्पर्धेचा पूर्वानुभव असलेला वादक २०१९ मध्ये किंवा त्याआधी मैदानावर असलाच पाहिजे, आणि वयाच्या अटीमुळे तेव्हा तो फार तर १८–१९ वर्षांचा असणार. २०१९ मधील विशीतले, अनुभवी आणि धाकट्यांना वळण लावणारे सर्व वादक दरम्यान निघून गेले होते. व्यायामशाळेच्या जमिनीवर जागा कशी धरावी, तळपत्या उन्हात श्वास कसा राखावा, चुकलेल्या नवख्याला रांगेत कसे सावरावे, या गोष्टी कोणत्याही स्वरलिपीत लिहिलेल्या नसतात. एका उन्हाळ्यातील थोरले त्या पुढच्या उन्हाळ्यातील धाकट्यांना देतात. २०२२ मध्ये हे काम करणारे थोरले स्वतःच २०१९ चे धाकटे होते.