बाल-अस्थिशल्यचिकित्सेतील प्रारण-संपर्क

मुलांच्या हाडांच्या शस्त्रक्रियेपूर्वी, शस्त्रक्रियेदरम्यान व नंतर घेतलेल्या क्ष-किरण प्रतिमांमुळे रुग्णाला व शल्यपथकाला होणारा आयनकारी प्रारणाचा संपर्क. रंटगेन यांनी 1895 मध्ये क्ष-किरण शोधल्यानंतर (पहा : क्ष-किरण) लवकरच ते अस्थिभंगाच्या निदानासाठी वापरले जाऊ लागले. कोपराजवळचा अस्थिभंग त्वचा न उघडता बसवून तारा घालताना सी-आर्म या फिरत्या यंत्रावर प्रतिमा पुनःपुन्हा पाहावी लागते. पाठकण्याच्या वक्रतेत (पहा : पार्श्वकुब्जता) तपासणी वर्षानुवर्षे चालते, तेथे किरण पाठीकडून सोडल्यास स्तन व अवटू ग्रंथीवरील मात्रा घटते. मुलांच्या पेशी वेगाने विभागतात आणि पुढील आयुष्यही दीर्घ असते, त्यामुळे समान मात्रेचा कर्करोगाचा धोका त्यांना प्रौढांपेक्षा अधिक असतो. तान्ह्या बाळाचा खुबा म्हणूनही शक्यतो सोनोग्राफीने तपासतात.

भारतात 1983 मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ तारापूरच्या अणुवीजकेंद्रावर (पहा : तारापूर) आणि त्याच परिसरातील पालघर-बोईसरच्या क्ष-किरण केंद्रांवरही देखरेख ठेवते. सामान्य नागरिकांसाठी असलेली वर्षाला 1 मिलिसीव्हर्टची मर्यादा रुग्णाच्या स्वतःच्या तपासणीला लागू नसते, म्हणून प्रत्येक प्रतिमेची वैद्यकीय गरज पारखणे हाच मुलांसाठी मुख्य बचाव ठरतो. शल्यपथकासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आहे.